टाकळीचा जप आणि दासबोधांतील चित्तशुद्धि

नासिकजवळ गोदावरी व नंदिनी यांच्या संगमावर टाकळी येथें समर्थ रामदासांनीं शके १५४२ ते १५५४ (इ. स. १६२०–१६३२) अशीं १२ वर्षें तप केलें व त्या अवधींत त्रयोदशाक्षरी राममंत्राचा १३ कोटी जप केला, असें चरित्रपरंपरा सांगते. जपाच्या या संख्येनेंच समर्थांस ज्ञान झालें, असा अर्थ त्यावरून बहुधा काढला जातो. हा अर्थ आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

प्रथम संख्या पाहूं. १३ कोटी जप १२ वर्षांवर वांटला असतां रोजचा जप सुमारें २९,७०० पडतो. सूर्योदयापासून मध्याह्नापर्यंत पाण्यांत उभें राहून जप चाले, असेंही परंपराच सांगते. सुमारें सहा तासांत हा जप पुरा होण्यास दर सेकंदास एकाहून अधिक आवृत्ति व्हावी लागेल. तेव्हां ही संख्या अक्षरशः घेणें कठीण आहे.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. शांकर मताप्रमाणें कर्म व उपासना यांनीं चित्ताचा मळ व चांचल्य जातें. अविद्या जाते ती केवळ ज्ञानानें. बुद्धि शुद्ध व अंतर्मुख झाली कीं कर्माचें काम संपलें, असाच सुरेश्वराचार्यांच्या नैष्कर्म्यसिद्धीचा अभिप्राय आहे.

समर्थांचें मत याहून निराळें नाहीं. दासबोधाच्या पांचव्या दशकांत नाना मंत्रोपदेशांची गणना करून ते महावाक्याचा उपदेश थोर ठरवितात. पण त्याचा जप नसून विचारच करावयाचा, असें बजावतात. पुढें त्याच दशकांत बद्ध, मुमुक्षु, साधक व सिद्ध असा क्रम येतो. त्यांतील मुमुक्षु आपल्या दोषांच्या अनुतापानें पोळलेला आहे. चित्तशुद्धीचा आरंभ तो हाच.

कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची डोमगांव प्रत रा. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९०५ सालीं धुळ्याहून प्रसिद्ध केली. उलट हनुमंतस्वामींची बखर समर्थांच्या निर्याणानंतर (शके १६०३) शंभराहून अधिक वर्षांनीं रचिलेली आहे. समर्थांच्या मतासंबंधीं या दोहोंत प्रमाण कोणतें, हें सांगणें नलगे.

यावरून टाकळीचें तप खोटें ठरत नाहीं. त्याचें स्थान मात्र ठरतें. तें ज्ञानाची पूर्वतयारी होय. म्हणून पोथीसंग्राहकांनीं दासबोधाची जुनी प्रत हातीं येतांच तिचा हा पांचवा दशक डोमगांव प्रतीशीं ताडून पाहावा, आणि बखरींतील जपसंख्या त्यानंतर विचारांत घ्यावी.