विस्मरणाचा वर, स्मरणाची कृपा

नाताळची भुताची गोष्ट म्हटली की वाचकांना चार्ल्स डिकन्सचा कंजूष स्क्रूज आठवतो. १८४३ च्या त्या कथेच्या कीर्तीत डिकन्सच्या नाताळमालेतील पाचवे व अखेरचे पुस्तक झाकोळून गेले. ‘द हाँटेड मॅन’ हे ते पुस्तक डिसेंबर १८४८ मध्ये निघाले. त्याच वर्षी सप्टेंबरात डिकन्सची थोरली बहीण फॅनी क्षयाने वारली होती. कथानायकालाही दिवंगत बहिणीची आठवण छळते, हा निव्वळ योगायोग नसावा.

रेडलॉ हा रसायनशास्त्राचा प्राध्यापक. ज्याच्यावर विश्वास टाकला त्या मित्रानेच त्याचे प्रेम हिरावले व बहिणीचेही मन मोडले. नाताळच्या सुमारास त्याचीच प्रतिच्छाया समोर उभी राहते आणि वर देते : अन्यायाची व दुःखाची सारी आठवण पुसली जाईल. पण रेडलॉ ज्यांच्या जवळ जाईल त्यांनाही हा वर लागेल.

‘झाले गेले गंगेला मिळाले’ असे आपण सहज म्हणतो. ते अक्षरशः घडले तर काय होईल, हेच या अद्भुताचे बीज आहे. टेटर्बी या गरीब वृत्तपत्रविक्रेत्याचे घर प्रेमावर तगलेले. रेडलॉचा वारा लागताच नवरा-बायकोला एकमेकांचे फक्त वय आणि दारिद्र्य दिसू लागते. सोबत सोसलेले विसरले, तशी मायाही आटली. याहून भेदक प्रसंग आहे मरणशय्येवरील जॉर्जचा. वाया गेलेला हा मुलगा बालपण आठवून पश्चात्तापाने रडत असतो. रेडलॉ येतो आणि ते अश्रूच सुकतात; सत्त्याऐंशी वर्षांच्या बापाची करुणाही थिजते. पाप उरते, पश्चात्ताप तेवढा जातो. स्वतःला निर्दोष, पीडित समजणारा रेडलॉ येथे प्रथमच अपराधी ठरतो. कथेचे हे वळण मला सर्वांत मोलाचे वाटते.

वराचा परिणाम होत नाही तो केवळ एका रस्त्यावरच्या, रानटी झालेल्या पोरावर. कारण विसरण्याजोगे प्रेम त्याला कधी मिळालेलेच नाही. त्याचा दोष डिकन्स सर्व समाजाच्या पदरात घालतो.

उपाय सापडतो तो मिली या साध्या गृहिणीत. तिचे मूल जन्मताच गेले आहे. त्या आठवणीनेच ती इतरांच्या दुःखाशी जोडली गेली आहे. आपल्यावर झालेला अन्याय आठवावा तो क्षमा करता यावी म्हणून, हे ती सहजपणे सांगते आणि रेडलॉचे हृदय उघडते. पुढे तो त्याच मित्राला क्षमा करतो.

कथेत दोष आहेत. मिली इतकी निर्मळ आहे की ती माणूस कमी व देवदूत अधिक वाटते. शेवटचे समेट घाईने उरकले आहेत. या बाबतीत आपल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ अधिक खरी आहेत. १८९५ मध्ये ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. विरहाचा काही काळ लक्ष्मीबाईंनी सोलापूर जिल्ह्यातील पंढरपुरात काढला. पुढे दोघे एकत्र आले. पण पतीचा तापट स्वभाव, स्वतःचा आकांत, यांतले काहीच त्यांनी गंगेला मिळू दिले नाही. सारे सांगितले आणि हसत सांगितले. मिलीला जे एका वाक्यात बोलावे लागते, ते लक्ष्मीबाईंच्या प्रत्येक पानात मुरलेले आहे.

तरीही डिकन्सची ही कथा आपल्या कुटुंबांनी वाचावी. घराच्या वाटणीवरून अबोला धरलेले भाऊ नाताळात एका ताटावर बसतात, आणि वडीलधारे ‘विसरून जा’ म्हणतात. विसरणे सोपे, त्यात कुणाला काही कबूल करावे लागत नाही. पापनिवेदनाला जाण्यापूर्वी ख्रिस्तसभा आपल्याला आधी आठवायला सांगते, ते याचसाठी. गव्हाणीपुढे उभे राहताना मागायचे ते विस्मरण नव्हे. आठवणीतला डंख काढून घेण्याची कृपा मागायची.