काळ्या घोड्यावरून राजा कुणी उतरवला?

'प्रदर्शन' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो जनावरांसाठी. आमच्या राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. डांगी म्हणजे सह्याद्रीच्या पावसात टिकणारी जात. कातडी तेलकट असते, त्यामुळे अंगावर पाणी ठरत नाही. हे नुसतं बघून कसं कळणार? मामा बैलाच्या पाठीवरून तळवा फिरवायचा आणि मग बोटं एकमेकांवर घासून बघायचा. मालक शेजारीच उभा असायचा. त्याला एक विचारलं की तो आपल्याला चार विचारायचा. बैलाला स्पर्श आवडला नाही, तर तो शेपटीनं सांगायचा.

त्यामुळे शिकायला मुंबईत आल्यावर एका कलाप्रदर्शनात 'इंटरॅक्टिव्ह' असं लिहिलेलं पाहिलं तेव्हा मी सरळ हात लावला. सिक्युरिटीवाला धावत आला. मग कळलं की सहभाग म्हणजे रांगेत उभं राहायचं, दोन पंखांच्या चित्रामध्ये आपली पाठ टेकवायची, फोटो काढायचा आणि मागच्याला जागा द्यायची. मीही काढला, खोटं कशाला बोलू? पण मी येण्याआधी ते चित्र जसं होतं, तसंच मी गेल्यावरही राहिलं. माझ्या येण्यानं त्याला काही फरक पडला नाही. आपल्याकडे सध्या सहभागी कला म्हणून जे मिरवलं जातं, त्यातलं बरंचसं असंच असतं. आपण तिथे काही करत नाही, फक्त तिची जाहिरात करतो.

लोकांनी खरोखर बदललेली कलाकृती मला सापडली ती काळा घोडा चौकात. तिच्यावर 'इंटरॅक्टिव्ह' असं कुठेही लिहिलेलं नाही.

मूळ पुतळा होता प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजाचा. 1875-76 मध्ये तो हिंदुस्थानात येऊन गेला, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससूननं पैसे दिले आणि जोसेफ बोहमनं घोड्यावर बसलेला राजपुत्र घडवला. मानाची जागा अर्थातच स्वाराची. पण मुंबईकरांनी बघितला घोडा. चौकाला नाव पडलं काळा घोडा. कुणी फर्मान काढलं नाही की मोर्चा नेला नाही. बसमधून उतरताना, पत्ता सांगताना लोकांनी राजाला नुसतं बोलण्यातून वगळलं.

1965 मध्ये पुतळा तिथून हलवला. आज तो भायखळ्याला, राणीच्या बागेच्या आवारात आहे. म्हणजे राजा गेला, घोडाही गेला. नाव मात्र राहिलं. पन्नासहून जास्त वर्षं लोक नसलेल्या घोड्याच्या नावानं एकमेकांना भेटायला बोलवत राहिले. 1999 पासून तिथे भरणाऱ्या कलामहोत्सवालाही हेच नाव आहे.

आणि 2017 मध्ये तिथे नवा घोडा आला. कल्पना वास्तुविशारद अल्फाझ मिलर यांची, शिल्प श्रीहरी भोसले यांचं. घोड्यावर स्वार नाही. लोकांनी जे तोंडानं केलं होतं, तेच आता धातूत ओतलं गेलं. शिल्पकला म्हणून बघाल तर यात धक्का देणारं काही नाही, घोडा घोड्यासारखाच आहे. पण मला ती रिकामी पाठ फार आवडते. लोकांचं म्हणणं ऐकून घेणारं सार्वजनिक शिल्प आपल्याकडे सहसा दिसत नाही. आपल्याकडे पुतळे वाढतात ते उंचीनं.

उंचीवरूनच माझी तक्रार आहे. राजा उतरवला, चौथरा मात्र ठेवला. ज्या घोड्याला लोकांनी आपला मानला, त्याच्या पायाला हात लावायची सोय नाही.

हे माझ्या डोक्यात आलं ते मामामुळे. तो गेल्या वर्षी काही कामासाठी मुंबईत आला होता, तेव्हा त्याला तिथे घेऊन गेलो. समोर जहांगीर आर्ट गॅलरी. मला वाटलं, आत जाऊ, चित्रं बघू. पण मामा घोड्यापाशीच थांबला. टोपी मागे सारून त्यानं सावकाश एक फेरी मारली, राजूरच्या प्रदर्शनात मारतो तशी. आधी खूर बघितले, मग मान.

"मालक कुठंय रे याचा?"

"नाहीये मामा. आधी वर राजा होता. आता नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. मग हात वर करून बघितला. पोचला नाही. "पण एवढ्या वर कशाला बांधलाय? पाठ कशी बघायची?"

मला उत्तर सुचलं नाही. बाजूला दोन मुली रील करत होत्या. त्यांनी मामाला जरा सरकायला सांगितलं. तो सरकला, त्यांचं होईपर्यंत थांबला आणि पुन्हा जागेवर येऊन मला म्हणाला, "काढ एक माझा पण. घरी दाखवतो."

फोटोत मामा आहे, टोपी आहे आणि मागे बराचसा चौथरा. घोडा फ्रेममध्ये यावा म्हणून मी मागे मागे जात रस्त्यापर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला.