जखमींचे कार्ड: एक बाजू फाडायची, एक लिहायची

कोबे येथे १७ जानेवारी १९९५ रोजी झालेल्या भूकंपानंतर जपानने १९९६ मध्ये जखमींच्या वर्गवारीसाठी देशभर एकाच नमुन्याचे कार्ड ठरवले. त्याची रचना आम्हांला हुशारीची वाटते. निर्दोष मात्र नाही.

मनगटाला बांधायच्या या कार्डाच्या तळाशी चार पट्ट्या असतात. वरून काळी (मृत किंवा वाचण्याची आशा नसलेला), लाल (तातडीचा), पिवळी (थोडा थांबू शकणारा) आणि हिरवी (किरकोळ जखमी). रुग्ण तातडीचा असेल तर हिरवी व पिवळी फाडायची. तळाशी लाल उरते. प्रकृती खालावली की आणखी एक पट्टी फाडली, काम झाले. पण सुधारली तर? फाडलेली पट्टी परत चिकटत नाही, नवे कार्ड बांधावे लागते. जखमी माणूस बिघडतच जाणार, असे कागदाने गृहीत धरले आहे! (घाईगर्दीत हे गृहीत त्यातल्या त्यात बरे, हे मान्य.)

कार्डाच्या तीन प्रती निघतात: घटनास्थळ, वाहतूक व रुग्णालय यांसाठी. ही सोय उत्तम. खरी उणीव वापरात दिसली. आमागासाकी येथे २५ एप्रिल २००५ रोजी रेल्वेगाडी घसरून १०७ जण मृत्युमुखी पडले. काळी पट्टी मिळालेल्यांना रुग्णालयात नेले गेले नाही. 'आमच्या माणसाला काळी का?' हा प्रश्न पुढे नातेवाइकांना छळत राहिला, आणि कार्डावरच्या त्रोटक नोंदींत उत्तर नव्हते. रंगावर डॉक्टरांचे भागते, घरच्यांचे भागत नाही. 'श्वासमार्ग मोकळा केला, श्वास नाही', खाली वेळ आणि सही. एवढे लिहायला किती सेकंद लागतात, ते वर्गात घड्याळ लावून पाहावे.