‘इव्हॉल्व्ह’ : परभाषेतील गीत आणि आघाताचा प्रश्न

महाराष्ट्रात जन्मलेले इंग्रजी गीत हे मराठीच्या अभ्यासकाच्या कक्षेबाहेरचे, असा एक समज रूढ आहे. अशी गीतरचना म्हणजे केवळ अनुकरण, ही त्यामागील गृहीत गोष्ट होय. मुंबईच्या ‘इंडस क्रीड’ या रॉक वाद्यवृंदाच्या ‘इव्हॉल्व्ह’ (२०१२) या ध्वनिमुद्रिकेच्या आधारे हे गृहीत तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

हा वाद्यवृंद १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ या नावाने स्थापन झाला. १९९३ मध्ये त्याने नाव बदलले. यंत्राचे नाव टाकून सिंधूचे नाव घेण्यात आपल्या भूमीशी नाते सांगण्याची इच्छा उघड दिसते. १९९७ मध्ये वाद्यवृंद विसर्जित झाला व २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर व झुबिन बालापोरिया या जुन्या मंडळींना रुशाद मिस्त्री व जय रो कवी हे नवे वादक मिळाले आणि ‘इव्हॉल्व्ह’ सिद्ध झाली. रसिकांच्या स्मरणात मात्र राहिले ते ‘प्रिटी चाइल्ड’. उत्तरकालीन कृती तुलनेने उपेक्षितच राहिली.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने येथील मुख्य प्रश्न आघाताचा आहे. मराठी पद्याची उभारणी लघुगुरूंवर, मात्रांवर वा अक्षरसंख्येवर होते. आघाताने मराठीत सहसा अर्थभेद होत नाही. इंग्रजीत आघात हा शब्दाचा कणा असून आघातहीन स्वर क्षीण होतात. रॉकच्या चार ठोक्यांच्या आवर्तनात दुसरा व चौथा ठोका ठळक असतो. शब्दाचा आघात आणि तालाचा ठोका यांची सांगड घालणे, किंवा ती हेतुतः मोडणे, हे गीतकाराचे खरे कसब. भारतीय वक्ता इंग्रजी शब्दांतील अक्षरांना बहुधा समान वजन देतो. तेच वजन गाण्यात आले की शब्द तालावर केवळ ठेवल्यासारखे वाटतात. बेनेगल यांच्या गायनात हा दोष आढळत नाही.

‘इव्हॉल्व्ह’ हे नाव व ‘डिझॉल्व्ह’ हे एका गीताचे शीर्षक एकत्र पाहावे. दोन्ही शब्द लॅटिनोद्भव आहेत. एकाच्या मुळाशी उलगडण्याचा अर्थ आहे, दुसऱ्याच्या मुळाशी सुटे होण्याचा. दोन्हींत आघात अंत्य अक्षरावर आहे व दोहोंचा शेवट एकाच ध्वनिसमूहाने होतो. अर्थाने परस्परविरुद्ध, ध्वनीने सहोदर. एकदा विसर्जित होऊन पुन्हा उभ्या राहिलेल्या वाद्यवृंदाच्या कृतीत ही जोडी, हेतुतः असो वा नसो, अर्थपूर्ण ठरते. ‘उत्क्रांती’ आणि ‘विलय’ या प्रतिशब्दांत अर्थ उतरेल, नाद उतरणार नाही. जेथे असा नाद अर्थाचा भाग बनतो, तेथे परभाषा हा बाह्य वेष राहत नाही.

यावर आक्षेप असा येईल की, आठ गीतांपैकी एकाही शीर्षकात मुंबईतील स्थळाचे नाव नाही. मग या कृतीला येथील कशावरून म्हणावे? आक्षेप गैर नाही. अमूर्त शब्दांकडे असलेला कल ही या रचनेची मर्यादाच होय. परंतु स्थलनाम ही स्थानिकतेची एकमेव कसोटी नव्हे. आजच्या जालना जिल्ह्यातील जांब येथे १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी हिंदुस्थानी पदेही रचली. त्यांच्याही पूर्वी नामदेवांनी हिंदीत पदे गायिली आणि ती शिखांच्या ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. त्या पदांना मराठी परंपरेबाहेर काढावे, असे कोणी म्हणत नाही. इंग्रजीमागे वसाहतीचा इतिहास आहे आणि तो भेद नगण्य नाही हे खरे. तथापि, त्यामुळे विचारण्याचा प्रश्न बदलत नाही.

तो प्रश्न असा : रचनाकाराने कोणती भाषा निवडली यापेक्षा, त्या भाषेची लय त्याने आत्मसात केली आहे काय? ‘इव्हॉल्व्ह’पुरते याचे उत्तर होकारार्थी आहे. म्हणूनच मराठी भाषकांच्या बहुभाषिक व्यवहाराचा विचार करताना अशा ध्वनिमुद्रिकांना अभ्याससामग्रीत स्थान मिळणे अगत्याचे आहे.