किशोरवयीन मानसिक आरोग्यविषयक अलीकडील संशोधन : मावळ परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

गोषवारा

शाळा-महाविद्यालयांतील किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याविषयी गेल्या दोन दशकांत झालेल्या काही महत्त्वाच्या अभ्यासांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. साहाय्याचे तंत्र कोणते, या प्रश्नापेक्षा ते साहाय्य कोणी आणि किती मोकळ्या वेळेत द्यावे, हा प्रश्न अधिक निर्णायक असल्याचे या अभ्यासांतून सूचित होते.

बीजसंज्ञा : किशोरावस्था, समुपदेशन, शालेय वातावरण, मावळ

प्रस्तावना

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,८३४ महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. या पार्श्वभूमीवर २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्थांसाठी बंधनकारक मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता नेमावा आणि लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संबंध जोडावा, असे त्यांत अभिप्रेत आहे.

निर्देश स्वागतार्ह आहेत. तथापि, त्यांचे पालन कागदावर करणे अवघड नाही. एखाद्या प्राध्यापकाला अल्पमुदतीचे प्रशिक्षण देऊन ‘समुपदेशन कक्षप्रमुख’ असा फलक लावला की पूर्तता झाली, असे मानण्याचा मोह अनेक संस्थांना होणे स्वाभाविक आहे. उपलब्ध संशोधन या मार्गाला कितपत पाठिंबा देते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आकड्यांचा अर्थ

गोव्यात १२ ते १६ वर्षे वयोगटातील २,०४८ मुलामुलींची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार निदान करता येईल असा मानसिक विकार १.८१ टक्के मुलांत आढळला. पुढे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटासाठी हेच प्रमाण ७.३ टक्के निघाले. या दोन आकड्यांवरून ‘आठ वर्षांत विकार चौपट झाले’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. दोन्ही पाहण्यांचे प्रदेश, वयोगट आणि मोजमापाची साधने वेगवेगळी होती. मुलाखत कोण घेतो, प्रश्न कोणत्या भाषेत विचारतो आणि मूल त्याच्यापुढे किती मोकळे होते, यांवरही उत्तर अवलंबून असते.

राष्ट्रीय सर्वेक्षणातील बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता, ही बाब येथे विशेष नोंदवण्याजोगी आहे. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची सर्वाधिक नोंद झालेल्या राज्याविषयी त्या सर्वेक्षणातून थेट काहीच हाती लागत नाही. साहजिकच मावळ तालुक्याविषयी बोलताना राष्ट्रीय सरासरी तशीच लागू करणे शास्त्रीय ठरत नाही.

साहाय्य कोणी करावे?

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर बिहारमधील ‘सेहेर’ या प्रयोगातून मिळते. ‘संगाथ’ या गोव्यातील संस्थेने नालंदा जिल्ह्यातील सरकारी माध्यमिक शाळांत केलेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. शाळांचे यादृच्छिक पद्धतीने तीन गट पाडण्यात आले होते. एका गटात शालेय वातावरण सुधारण्याचा कार्यक्रम प्रशिक्षित, परंतु मानसोपचाराची पदवी नसलेल्या समुपदेशकाने राबवला. दुसऱ्या गटात तोच कार्यक्रम शाळेतीलच शिक्षकाने राबवला. तिसऱ्या गटात हा कार्यक्रम नव्हता. सूचनापेटी, भित्तिपत्रिका, विद्यार्थिगट, वैयक्तिक समुपदेशन असे त्याचे स्वरूप होते. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे आणि दांडगाई कमी झाली. शिक्षकाने राबवलेल्या कार्यक्रमाचा मात्र लक्षणीय परिणाम दिसला नाही.

या निष्कर्षाचा अर्थ ‘शिक्षक अपात्र आहेत’ असा लावणे अन्यायाचे होईल. शिक्षक गुण देतो, हजेरी घेतो, पालकांना बोलावतो. त्याच्यापुढे मन मोकळे करताना विद्यार्थी कचरला, तर त्यात नवल नाही. शिवाय अध्यापन, परीक्षा आणि कार्यालयीन कामे सांभाळून उरलेल्या वेळात त्याला हा कार्यक्रम चालवायचा होता. येथेच प्रयोगाची एक मर्यादाही दिसते. समुपदेशक हा वेगळा माणूस होता आणि त्याचबरोबर तो या कामासाठी पूर्ण मोकळाही होता. त्यामुळे यशाचे श्रेय व्यक्तीला द्यावे की वेळेला, हे वेगळे काढता येत नाही. तसेच परिणामांचे मोजमाप विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या उत्तरांवर आधारलेले होते आणि आपल्या शाळेत समुपदेशक आहे हे त्यांना ठाऊक होते.

दिल्लीतील सहा सरकारी शाळांत २५१ विद्यार्थ्यांवर झालेला ‘प्राइड’ प्रकल्पातील प्रयोग (२०२०) याच दिशेने, पण अधिक सावधपणे बोलतो. दोन्ही गटांना समस्या सोडवण्यासंबंधीच्या पुस्तिका दिल्या होत्या. एका गटाला समुपदेशकाच्या भेटीही मिळाल्या. सहा आठवड्यांनंतर या गटातील मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींची तीव्रता अधिक घटली. लक्षणांच्या मापनश्रेणीवर मात्र दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. मुलाला जे हलके वाटते ते मापनश्रेणीत उमटतेच असे नाही. यांपैकी कोणते माप खरे मानायचे, हा प्रश्न त्यामुळे खुला राहतो.

तंत्राची मर्यादा

ब्रिटनमधील ‘मिरिअड’ या विस्तृत प्रयोगात ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा समावेश होता. शिक्षकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी सजगतेचे पाठ दिले गेले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नेहमीच्या भावनिक शिक्षणापेक्षा या पाठांचा अधिक लाभ झाल्याचे दिसले नाही.

मावळ परिसराला या निष्कर्षाचे विशेष महत्त्व आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगाचे परिणाम श्रद्धेने गृहीत न धरता प्रयोगशाळेत मोजले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. आज महाविद्यालयांत योग वा ध्यानाचे वर्ग म्हणजेच मानसिक आरोग्यसेवा, असे समीकरण मांडले जाते तेव्हा या परंपरेतील तंत्र उचलले जाते आणि मोजण्याची शिस्त मागे राहते.

मळवलीच्या बाजूने पाहता

कामशेत व लोणावळा यांच्या मधल्या मळवली स्थानकाच्या दोन बाजूंना कार्ले आणि भाजे ही लेण्यांची गावे आहेत. या भागातून लोणावळा वा तळेगावच्या महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेला असतो. समुपदेशनाची वेळ तासिका संपल्यानंतर ठेवली, तर ज्याला गाडी पकडायची आहे तो येणारच नाही. त्याची अनुपस्थिती मग ‘गरज नाही’ अशी नोंदली जाईल. शिवाय वर उल्लेखिलेले ‘सेहेर’ व ‘प्राइड’ हे प्रयोग शाळेत टिकलेल्या मुलांवर झाले. दहावीनंतर शिक्षण सोडून हॉटेलात वा कारखान्यात कामाला लागलेला मुलगा, किंवा लग्न ठरल्याने घरी बसलेली मुलगी, त्यांच्या कक्षेबाहेर राहते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, प्राध्यापकाच्या कार्यभारात समुपदेशनाची भर घालणे हा उपलब्ध पुराव्याने पुष्टी न मिळालेला मार्ग आहे. ज्याच्या हाती गुण नाहीत अशी व्यक्ती, वेळापत्रकाच्या आत राखलेला तास आणि गोपनीयता सांभाळून ठेवलेली नोंद, यांवर संस्थांनी खर्च करणे अगत्याचे आहे. आर्थिक बळ नसलेल्या लहान महाविद्यालयांनी एकत्र येऊन एक समुपदेशक नेमता येईल का, याचाही विचार व्हावा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची सेवा पूरक आहे, पर्याय नव्हे. प्राध्यापकाचे काम यामुळे संपत नाही. वर्गात गप्प झालेले मूल सर्वप्रथम त्याच्याच नजरेस पडते. ते ओळखून योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचवणे ही त्याची जबाबदारी आहे आणि ज्याच्याकडे पोहोचवायचे अशी व्यक्ती तेथे असणे ही संस्थेची.