सरासरीत हरवलेले मूल

समजा, शिवरे (ता. भोर) गावात चौथीत शिकणारा एक मुलगा आहे. तोंडी उत्तरे तो चटकन देतो. पण गणित अर्धवट सोडतो, वही हरवतो. गुरुजींच्या सांगण्यावरून पालक त्याला एसटीने पुण्याला नेतात. तेथे चाचणी होते आणि हाती एक आकडा येतो : बुद्ध्यंक ९८. ‘बुद्धी ठीक आहे, म्हणजे मुलगा आळशी आहे’, असे सगळे ठरवून टाकतात. आमचा आक्षेप या ठरवण्याला आहे.

बिने आणि सिमोन यांनी १९०५ मध्ये पॅरिसला पहिली चाचणी रचली, ती कोणत्या मुलांना जादा मदत हवी हे ओळखण्यासाठी. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी व कन्नड मुलांसाठी बेतली. त्यांचा यावरील ग्रंथ १९४० साली निघाला. नागपूरच्या आर्थर मालिन यांनी वेक्स्लर यांच्या चाचणीला १९६९ मध्ये भारतीय रूप दिले. या दोन्ही चाचण्या आपल्याकडे आजही वापरल्या जातात.

मालिन यांच्या चाचणीत अनेक उपचाचण्या असतात. ऐकलेले अंक उलट क्रमाने म्हणणे, ठरलेल्या वेळात खुणा भरणे, तोंडी गणित करणे यांत बुद्धीइतकाच अवधानाचा कस लागतो. आता हिशेब करू. दहापैकी सात उपचाचण्यांत ११० आणि या तिन्हींत ७० गुणांक मिळाला, तर सरासरी येते ९८. मुलाची तल्लख समज त्यात दिसत नाही आणि त्याची अडचणही दिसत नाही.

मात्र हे ७० म्हणजे निदान नव्हे. कमी ऐकू येणे, भीती, परीक्षकाची अनोळखी बोली यांमुळेही गुण घसरतात. उलट, अवधानाची अडचण असूनही एखादे मूल शांत खोलीत, एकट्या परीक्षकासमोर उत्तम गुण मिळवते. म्हणूनच निदानाच्या निकषांत बुद्ध्यंकाला स्थान नाही. लक्षणे वयाच्या १२ वर्षांआधी सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसणारी असावी लागतात.

शाळेतले हे निरीक्षण शिक्षकांखेरीज कोण करणार? मूल कोणत्या तासाला, किती वेळाने आणि कशामुळे विचलित होते, याची नोंद ठेवा आणि ती परीक्षकाकडे पाठवा. अहवाल आला की एकूण आकड्यावर थांबू नका. प्रत्येक उपचाचणीचे गुणही मागून घ्या. ‘आळशी’ हा शिक्का मारायला एक क्षण पुरतो, पुसायला मात्र अनेक वर्षे लागतात.