नोकरीतल्या बाईला सल्ला : त्याचा अधिकारी कोण?

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय ‘स्त्री आणि नोकरी’ असा छापलेला आहे. तो काही तासाभरात मावणारा नाही. आम्ही त्यातला एकच कोपरा धरणार आहोत. नोकरीतल्या बाईला जो सल्ला दिला जातो, तो. आत्मविश्वास ठेवा. मोठ्याने बोला. पगारवाढ मागा, मागितल्याशिवाय कोणी देत नाही. बैठकीत मागच्या खुर्चीवर बसू नका. कंपन्यांचे प्रशिक्षणवर्ग घ्या, महिला दिनाची भाषणे घ्या, विमानतळावरची पुस्तके घ्या, सगळीकडे हेच. हे सल्ले वाईट हेतूने दिलेले असतात असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण पत्ता चुकलेल्या टपालासारखे ते भलत्याच दारात पडतात, अशी आमची तक्रार आहे.

या प्रकारचे सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे शेरिल सँडबर्ग यांचे २०१३ सालचे ‘लीन इन’. नावाचा मराठीत अर्थ साधारण ‘पुढे सरसावा’ असा करता येईल. सँडबर्ग तेव्हा फेसबुकमध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकारी होत्या. त्यांनी एक प्रसंग सांगितला आहे. अमेरिकेचे अर्थमंत्री गाइथनर फेसबुकच्या कार्यालयात बैठकीला आले. त्यांच्या पथकातल्या चार स्त्रिया मुख्य टेबल सोडून कडेच्या खुर्च्यांवर जाऊन बसल्या. सँडबर्गनी खुणेने बोलावले, तरी त्या आल्या नाहीत. यावरून निष्कर्ष असा की बाहेरच्या अडथळ्यांबरोबर बाईच्या आतही एक अडथळा असतो, आणि तो तिने स्वतः दूर केला पाहिजे.

आता बघा हं. सरकारी कचेरीत ज्यांनी नोकरी केली आहे असे बरेच जण समोर बसले आहेत. बैठकीत टेबलाशी कोण आणि भिंतीलगत कोण, हे संकोचाने ठरते का? ते कुठेही लिहिलेले नसते आणि सगळ्यांना पाठ असते. सँडबर्ग म्हणतात, त्या चौघींना टेबलाशी बसण्याचा पूर्ण हक्क होता. असेलही. पण लग्नाच्या पंगतीत यजमानीण कितीही आग्रह करो, पाहुणीला परत जायचे असते ते आपल्याच माणसांबरोबर. टेबलाशी बसल्यावर परतीच्या वाटेवर वरिष्ठ काय म्हणतील, याचा हिशेब त्या चौघींना यजमानीणबाईंपेक्षा चांगला येत असणार. ज्याला त्यांचा न्यूनगंड म्हटले जाते, ते कदाचित अनुभवाने आलेले ज्ञान असेल. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही मुलांना सांगत असू, वर्तन दिसले म्हणून कारण दिसले असे समजू नका.

पगारवाढ मागण्याचा सल्ला घ्या. लिंडा बॅबकॉक आणि सारा लाशेव्हर यांचे २००३ सालचे पुस्तक प्रसिद्ध आहे. बायका मागत नाहीत, असे त्याचे नावच आहे. पण याच बॅबकॉक यांनी हॅना रायली बोल्स आणि लेई लाई यांच्याबरोबर २००७ साली जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत दिसले की वाटाघाट करणाऱ्या स्त्रीबद्दल मूल्यमापन करणाऱ्या पुरुषांचे मत पुरुष उमेदवारापेक्षा जास्त बिघडते. पुढे २०१८ साली आर्ट्झ, गुडॉल आणि ऑस्वाल्ड या तिघांचा ऑस्ट्रेलियातला अभ्यास आला, सुमारे ४,६०० नोकरदारांचा. कामाचे तास लक्षात घेऊन तुलना केली, तेव्हा बायका पुरुषांइतक्याच मागतात असे निघाले. मिळते मात्र कमी. मागणाऱ्या पुरुषांपैकी २० टक्क्यांना, बायकांपैकी १५ टक्क्यांना. म्हणजे तोंड उघडले होते, कान बंद होते.

सल्लागारांना हे माहीत नाही असे नव्हे. सँडबर्गनाही माहीत आहे. म्हणून त्या सुचवतात, मागा पण हसतमुखाने मागा, आणि ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ म्हणा. आता आम्ही जन्मभर ‘आम्ही’ म्हणत आलो, ती जुन्या मास्तरांची खोड. त्यासाठी आमची वेतनश्रेणी कोणी अडवून धरली नव्हती. पण स्वतःच्या कामाचा मोबदला मागताना बाईने प्रथमपुरुषी एकवचन गिळावे, ही अट व्याकरणाची नाही. ज्या पूर्वग्रहामुळे तिचे मागणे खटकते, तो जसाच्या तसा ठेवून तिने त्याच्याभोवती वळसा घालायचा. वळसा जमला तर पुस्तकाचे यश, नाही जमला तर दोष तिचा.

आमची एक विद्यार्थिनी एका खासगी संस्थेत आहे. एका वर्षीच्या अहवालात तिला शेरा मिळाला, ‘फार आग्रही’. तिने आवाज खाली आणला. पुढच्या वर्षीचा शेरा, ‘पुढाकार कमी पडतो’. दोन्ही शेऱ्यांखाली सही एकाच माणसाची. ती आम्हाला विचारत होती, सर्व पुस्तके वाचली, आता नेमके किती बोलू? आमच्याकडे उत्तर नव्हते, कारण त्या दोन शेऱ्यांच्या मध्ये उभे राहायला जागाच नव्हती. जे करणे शक्यच नाही ते कर्तव्य म्हणून कोणावर लादता येत नाही, हे कांटपासून आम्ही शिकवत आलो.

इथे आम्हाला मीमांसकांची आठवण होते. कोणताही विधी आला की ते विचारतात, याचा अधिकारी कोण? अधिकारी म्हणजे कचेरीतला साहेब नव्हे बरं का. ‘हे कर’ असे जे सांगितले आहे, ते कोणाला लागू होते, ते करण्याची पात्रता कोणाची, हा प्रश्न. आमच्या सल्ल्यांना हा प्रश्न लावून पाहा. मागणी ऐकताना तुलना नीट करावी, शेरा लिहिताना मागच्या वर्षीचा शेरा काढून बघावा, ही कामे कोण करू शकतो? तिथे मीमांसेचा अधिकारी आणि कचेरीतला अधिकारी एकच निघतो. आणि त्याच्यासाठी महिला दिनाला भाषण नसते. तो पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो.

सी. बी. मुथम्मा यांचे उदाहरण घ्या. १९४९ साली त्या परराष्ट्र सेवेत रुजू झाल्या. लग्न केल्यास राजीनामा देईन, असे त्यांच्याकडून लिहून घेतले गेले. पुढच्या नियमांतही होते की स्त्री अधिकाऱ्याने लग्नाआधी लेखी परवानगी काढावी, आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असे सरकारला वाटले तर तिने नोकरी सोडावी. पुरुषाला यातले काही नाही. राजदूतपद भूषवलेल्या या बाईंना पदोन्नतीत डावलले गेले, तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. याचिका दाखल झाल्यावर पदोन्नती मिळाली, म्हणून १९७९ साली ती निकाली निघाली. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या नियमांवर कडक ताशेरे ओढले आणि सेवानियम तपासून त्यांतला भेदभाव काढायला सरकारला सांगितले. या बाईंना आत्मविश्वासाचा वर्ग लावून काय झाले असते?

आपल्या पुण्याची टेल्कोची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. १९७४ साली स्त्रियांनी अर्ज करू नये अशी अट जाहिरातीत वाचून सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले. मुलाखतीला बोलावणे आले, नोकरीही मिळाली. ही गोष्ट सांगणारे धाडसावर भर देतात. धाडस होतेच. पण त्या कार्डावर पत्ता कोणाचा होता, हे कोणी सांगत नाही.

तुम्ही म्हणाल, प्राध्यापक महाशय, साहेब सुधारेपर्यंत आमच्या मुलीने काय करावे? रास्त प्रश्न आहे. सोमवारी सकाळी तिला कामावर जायचेच आहे. तिला डावपेच जरूर शिकवा, पण ते डावपेच आहेत हे सांगून शिकवा, तिच्या स्वभावावरचा उपचार म्हणून नको. आणि पगार लपवू नका म्हणावे. अमेरिकेत लिली लेडबेटर नावाच्या बाईंनी टायरच्या कारखान्यात १९ वर्षे काढली. त्याच कामाला पुरुषांना जास्त पगार आहे, हे त्यांना एका निनावी चिठ्ठीतून कळले. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने, तक्रारीची मुदत उलटली, असे सांगून त्यांना परत पाठवले. २००९ साली कायदा बदलला, तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ज्या बाईला शेजारच्या माणसाचा पगारच ठाऊक नाही, तिला ‘मागा’ म्हणून काय उपयोग? किती मागणार?

आमच्या वेळी सहाव्या वेतन आयोगाचे तक्ते वर्तमानपत्रात छापून येत. कोणाला किती, हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना माहीत. त्यामुळे कोणी मेल्याचे ऐकिवात नाही. खासगी कचेऱ्यांत मात्र पगार विचारणे असभ्य समजतात, काही ठिकाणी नेमणूकपत्रातच मनाई असते. ही सभ्यता कोणाच्या सोयीची, ते बघा. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने आपली पगारचिठ्ठी तिला दाखवली, तर दहा प्रशिक्षणवर्गांचे काम होईल. इथे बरेच पुरुष नोकरदार बसले आहेत, म्हणून मुद्दाम म्हटले.

वेळ झाली. माइक मागच्या रांगेपासून फिरवा, प्रश्न घेऊ.